परदेशी वैद्यकीय प्रवेशाचे निवेदन आणि कर्मदर्शनाची निवड



मे-जून महिना आला की आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात एक नवा पाहुणा दिसू लागतो. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या बहिणीची मुलगी, वर्गमित्राचा मुलगा, शेजाऱ्यांचा नातू सुट्टीत येथे येतो आणि सोबत एक विनंती आणतो : "काही दिवस तुमच्या दवाखान्यात बसू का? मेडिकलच्या अर्जासाठी हवे आहे." आपण कौतुकाने होकार देतो, ओळखीच्या चार रुग्णालयांतही त्याला पाठवतो आणि निरोप देताना लेटरहेडवर प्रमाणपत्र लिहून देतो. या सद्भावनेत नेमके काय चुकू शकते, हे मला माझ्याच एका चुकीतून समजले. तो अनुभव आणि त्यानंतर केलेला अभ्यास प्रस्तुत लेखात क्रमाने मांडत आहे.

१. प्रवेशपद्धतीचे स्वरूप

आपल्याकडे एम.बी.बी.एस. असो वा बी.ए.एम.एस., प्रवेश 'नीट'च्या गुणांवर ठरतो. विद्यार्थ्याला वैद्य का व्हायचे आहे, हे त्याला कोणी लेखी विचारत नाही. अमेरिकेतील रीत वेगळी आहे. तेथे विद्यार्थी प्रथम साधारण चार वर्षांची पदवी घेतो, 'एमकॅट' ही परीक्षा देतो आणि नंतर चार वर्षांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज करतो. त्या शिक्षणाअंती मिळणारी एम.डी. ही तेथील पहिलीच वैद्यकीय पदवी होय. एम.डी. देणाऱ्या बहुतेक महाविद्यालयांचे अर्ज असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस या संस्थेच्या 'एमकास' या एकत्रित सेवेमार्फत जातात.

या अर्जातील दोन भाग आपल्या विषयाशी संबंधित आहेत. पहिला भाग म्हणजे वैयक्तिक निवेदन. त्यास मोकळ्या जागा धरून ५,३०० अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे टंकलिखित दीड पानाच्या आसपास मजकूर. वैद्यकीय शिक्षण का घ्यावयाचे आहे, हे त्यात सांगायचे असते. दुसरा भाग म्हणजे कामांची व अनुभवांची यादी. तीत जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात, प्रत्येक नोंदीस ७०० अक्षरे मिळतात, आणि त्यांपैकी तीन नोंदी विशेष अर्थपूर्ण म्हणून निवडल्यास त्यांच्यासाठी आणखी १,३२५ अक्षरे दिली जातात. चिकित्सकासोबत राहून केलेल्या निरीक्षणास तेथे 'शॅडोइंग' म्हणतात. या यादीत त्याचा स्वतंत्र प्रकार आहे, आणि नोंद करताना तास व संपर्कासाठी संबंधित व्यक्तीचे नाव द्यावे लागते. आपण दिलेले प्रमाणपत्र हे त्या नोंदीमागचे पाठबळ असते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

इंग्लंडमध्ये शालेय शिक्षणानंतर थेट वैद्यकीय प्रवेश मिळतो. तेथील 'यूकास' अर्जातील निवेदनास ४,००० अक्षरांची मर्यादा आहे. २०२६ च्या प्रवेशापासून सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे मागितली जातात. तेथील महाविद्यालये केवळ रुग्णालयातील निरीक्षणास महत्त्व देत नाहीत. वृद्धाश्रमातील वा अपंगांच्या संस्थेतील सेवेचा अनुभवही ती तितक्याच आदराने पाहतात.

२. शास्त्रविचार

हा विषय आपणास परका वाटण्याचे कारण नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याचे चार गुण सांगितले आहेत. त्यांत शास्त्रज्ञानानंतर लगेच दृष्टकर्मता येते आणि दक्षता व शुचिता त्यानंतर येतात. चिकित्साकर्म पुष्कळ वेळा पाहिलेले असणे हा वैद्याचा स्वतंत्र गुण मानला आहे. म्हणून 'शॅडोइंग'साठी या लेखात 'कर्मदर्शन' हा शब्द योजला आहे.

सुश्रुताचार्यांनी पुढचा क्रम स्पष्ट केला आहे. योग्यासूत्रीय अध्यायात शिष्याने छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर करावा असे सांगितले आहे. शास्त्र शिकलेल्या शिष्यालाही थेट रुग्णाच्या देहावर हात चालवू दिलेला नाही. त्यापुढील अध्यायात चिकित्साव्यवसायात प्रवेश करण्यापूर्वी राजाची अनुज्ञा आवश्यक मानली आहे. आज त्या राजानुज्ञेची जागा परिषदेच्या नोंदणीने घेतली आहे. प्रथम दर्शन, मग निर्जीवावर सराव, मग अनुज्ञा आणि अखेरीस रुग्ण, असा हा क्रम आहे.

तिसरी गोष्ट चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात येते. शिष्याला दीक्षा देताना जे नियम सांगितले आहेत, त्यांत रुग्णाच्या घरी अनुमती असलेल्या परिचित व्यक्तीसोबतच प्रवेश करावा आणि तेथील गोष्टी बाहेर उघड करू नयेत, असे बजावले आहे. आजच्या भाषेत यालाच संमती आणि गोपनीयता म्हणतात.

३. एक अनुभव

माझी भाची न्यू जर्सीत वाढली. २०२३ च्या जून महिन्यात, पदवीच्या तिसऱ्या वर्षानंतर, ती पाच आठवड्यांसाठी सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी आली. मी उत्साहाने तिचा कार्यक्रम आखला. पहिल्या तीन आठवड्यांत तिला सात ठिकाणी नेले. अस्थिरोग, प्रसूती, नेत्र, पंचकर्म केंद्र, अतिदक्षता विभाग असे सर्व काही तिला दिसावे, अशी माझी इच्छा होती. एखाद्या पाहुण्याला अष्टविनायक घडवावेत, तसे ते चालले होते.

त्यांपैकी एका खाजगी रुग्णालयात हाताला जखम झालेल्या एका मजुरास टाके घालण्याचे काम सुरू होते. तेथील डॉक्टरांनी कौतुकाने सुई तिच्या हाती दिली आणि दोन टाके तिच्याकडून घालून घेतले. संध्याकाळी तिने हे सांगितले तेव्हा मला अभिमान वाटला. चहाच्या वेळी मी चार मित्रांना ते सांगितलेही. त्या मजुराला कोणी विचारले होते का, हा प्रश्न त्या दिवशी माझ्या मनात आला नाही.

भाचीने निवेदनाचा पहिला मसुदा त्या दोन टाक्यांपासूनच सुरू केला आणि आपल्या महाविद्यालयातील मार्गदर्शिकेस पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आले. मार्गदर्शिकेने विचारले होते, की तुला हे करण्याचा अधिकार कोणी दिला, आणि न्यू जर्सीतील रुग्णावर तू हे केले असतेस का? असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेसने २०११ मध्येच परदेशी अनुभवांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. प्रशिक्षण नसलेल्या विद्यार्थ्याने परदेशात गेल्यावर रुग्णावर प्रत्यक्ष उपचार करू नयेत, असा त्यांचा आशय आहे. ज्याला आम्ही मोठी संधी समजलो, तो तिच्या अर्जातील दोष ठरला असता. परंतु मला अधिक लागले ते वेगळेच. तिच्या देशातील रुग्णावर जे चालले नसते, ते आमच्या गावातील मजुरावर चालले, आणि त्याला मी संधी म्हटले.

भाची रडवेली झाली होती. मी तिला म्हटले, "चूक तुझी एकटीची नाही. तुला तिथे मीच पाठवले. आता कुठेही जाऊ नकोस. राहिलेले दोन आठवडे माझ्या शेजारी नुसती बस."

ती बसली. त्या काळात मधुमेह असलेल्या एका शेतमजूर बाईंच्या पायाच्या व्रणावर माझे उपचार सुरू होते. (त्यांची अनुमती घेऊन व ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहीत आहे.) शल्यचिकित्सकांचा सल्ला घेतला होता, मधुमेहाची औषधे चालू होती, आणि व्रणकर्मासाठी दिवसाआड या, असे मी त्यांना सांगितले होते. व्रण भरत नव्हता. पथ्य नीट होत नसावे, असे मी गृहीत धरले होते व तसे दोनदा रागावून बोललोही होतो. दुसऱ्या आठवड्यात भाचीने हळूच विचारले, "मामा, या मावशींच्या केसपेपरवरच्या सगळ्या तारखा गुरुवारच्याच कशा?"

मी केसपेपर उलटून पाहिला. तिचे म्हणणे खरे होते. गुरुवार हा आमचा बाजाराचा दिवस. बाई आठवड्यातून एकदाच, भाजी विकायला येणाऱ्या जाऊबाईंसोबत टेम्पोने येत होत्या. दिवसाआड येण्याएवढे एस.टी.चे भाडे आणि बुडणारी मजुरी त्यांना परवडत नव्हती, आणि तसे सांगण्याचा त्यांना संकोच वाटत होता. तीन महिने तो केसपेपर माझ्या हाताखालून जात होता. पुढे सुनेला घरी व्रण स्वच्छ करून पट्टी बांधण्यास शिकवले, गावच्या उपकेंद्रातील परिचारिकेशी बोलणे केले आणि गुरुवारची तपासणी कायम ठेवली. व्रण भरायला त्यानंतरही बराच काळ लागला, पण तो भरू लागला.

२०२४ मध्ये पाठवलेल्या अर्जात भाचीने या प्रसंगाविषयी लिहिले. एका मुलाखतीत तिला विचारण्यात आले, "यात तुम्ही काय केलेत?" तिने सांगितले, "उपचार मी केले नाहीत. मी तारखा पाहिल्या आणि मामांना विचारले."

४. निवडीचे निकष

या अनुभवावरून आणि नंतर आलेल्या काही विद्यार्थ्यांशी झालेल्या चर्चेवरून पुढील निकष मला उपयुक्त वाटतात.

(अ) सातत्य : सात ठिकाणी तीन-तीन दिवस जाण्यापेक्षा एका ठिकाणी तीन आठवडे बसणे श्रेयस्कर. एकच रुग्ण किमान दोन-तीन वेळा दिसला पाहिजे. व्याधीची अवस्था बदलताना, औषध लागू पडताना वा न पडताना पाहिल्याखेरीज चिकित्सा म्हणजे काय, हे कळत नाही.

(आ) निर्णयाची कसोटी : ज्या अनुभवाने वैद्य होण्याची इच्छा पारखली गेली, तो निवडावा. कंटाळा, भीती, वैद्याची हतबलता, रुग्णाचा राग हेही पाहिलेले असावे. सर्व काही छान होते असे लिहिणाऱ्याने फार थोडे पाहिले आहे, असा वाचणाऱ्याचा समज होतो.

(इ) भूमिकेचे सत्य : विद्यार्थ्याने केवळ पाहिले असेल तर 'पाहिले' असेच लिहावे. 'साहाय्य केले', 'निदानात सहभाग घेतला' ही वाक्ये निरीक्षकाला शोभत नाहीत.

(ई) स्वदेशातील अनुभव : अमेरिकेत वैद्यक शिकणाऱ्याला तेथील रुग्ण आणि तेथील व्यवस्था माहीत असणे अपेक्षित आहे. म्हणून तेथील एम.डी. वा डी.ओ. पदवीधर चिकित्सकासोबतचे कर्मदर्शन मुख्य मानावे. आपल्याकडील अनुभव त्यास पूरक आहे, पर्याय नव्हे. हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगावे. यात आपला कमीपणा नाही.

(उ) गोपनीयता : रुग्णाची ओळख न देता जो प्रसंग सांगता येत नाही, तो कितीही हृद्य असला तरी सोडून द्यावा. आपली गावे लहान आहेत. वय, गाव, व्याधी आणि नातलग एवढे सांगितले की नाव सांगण्याची गरज उरत नाही.

५. निवेदनातील मांडणी

ठिकाणांची नावे, तास आणि विभाग यादीत जावेत. निवेदनात एक, फार तर दोन प्रसंग पुरे. एक साधी परीक्षा सुचवतो. मसुद्यातील वाक्य दुसऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या नावावर जसेच्या तसे खपत असेल, तर ते काढावे.

उदाहरणार्थ, "भारतातील सात रुग्णालयांत मी अनेक दुर्मीळ शस्त्रक्रिया पाहिल्या आणि मला सेवेचे महत्त्व समजले" हे वाक्य कोणाचेही असू शकते. याउलट, "केसपेपरवरील नऊच्या नऊ तारखा एकाच वारी आल्या होत्या, आणि रुग्ण सल्ला पाळत नाही असे आम्ही समजत होतो" या वाक्यामागे एक पाहणारी व्यक्ती उभी आहे. प्रसंगानंतर विद्यार्थ्याने आपल्या विचारात काय बदल झाला आणि त्यानंतर स्वतःच्या देशात परतून त्याने काय केले, हे लिहावे. माझी भाची परतल्यावर तेथील एका मोफत चिकित्सालयात वर्षभर रुग्णांना पुढील तपासणीच्या वेळा ठरवून देण्याचे काम करत होती. निवेदनाचा उत्तरार्ध त्याच कामावर होता.

आयुर्वेदाचा उल्लेख कसा करावा, हेही विद्यार्थी विचारतात. अतिशयोक्ती करू नये, क्षमायाचनाही करू नये. वाचणाऱ्यास आयुर्वेद ठाऊक नाही असे धरून, जे दिसले तेच सांगावे. वैद्याने भूक, झोप, मलप्रवृत्ती यांची विचारपूस केली, नाडी पाहिली, जीभ पाहिली, रुग्णाला बोलू दिले आणि आवश्यक तेव्हा शल्यचिकित्सकाकडे पाठवले, एवढे वर्णन पुरेसे आहे. "असाध्य रोग बरा झालेला पाहिला" अशी वाक्ये विद्यार्थ्याची आणि आपल्या शास्त्राची दोघांचीही हानी करतात.

६. वैद्याचे कर्तव्य

१) विद्यार्थी कक्षात येण्यापूर्वी रुग्णास विचारावे. तो समोर बसल्यावर विचारले तर भिडेखातर नकार दिला जात नाही. मी आता असे विचारतो : "मावशी, माझ्याकडे एक मुलगी शिकायला आली आहे. ती डॉक्टर नाही. ती आत बसली तर चालेल का? नको असेल तर मोकळेपणाने सांगा, तुमच्या तपासणीत काही फरक पडणार नाही." स्त्रीरुग्ण, मनोविकार व गुह्यव्याधी यांच्या बाबतीत विद्यार्थ्याला बाहेरच बसवावे.

२) विद्यार्थ्याने सुई, शस्त्र, बस्तियंत्र यांना हात लावू नये. रुग्णाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर घेऊ नये.

३) रोजची दैनंदिनी लिहून घ्यावी : दिनांक, आल्या-गेल्याची वेळ, काय पाहिले, काय समजले नाही. रुग्णाचे नाव लिहू नये. दररोज दहा मिनिटे त्या शेवटच्या रकान्यावर बोलावे. निवेदनाचे बीज बहुधा तेथेच सापडते.

४) प्रमाणपत्रात दैनंदिनीतील तासच लिहावेत. मागे एका परिचिताने मुलाच्या ३० तासांचे १५० लिहून द्या, असा आग्रह धरला होता. संबंध दुरावले, पण मी सही केली नाही. अर्जातील माहिती सत्य असल्याची ग्वाही विद्यार्थी स्वतः देतो. आपण लिहिलेला खोटा आकडा पुढे त्याच्या तोंडून वदवला जातो.

५) विद्यार्थी नात्यातील असेल तर तासांची पुष्टी द्यावी, शिफारसपत्र मात्र लिहू नये. आप्ताच्या शिफारशीला तेथे वजन नसते, आणि ते योग्यच आहे.

७. औषधालयचालकांसाठी

औषधालयातील अनुभवाची गणना चिकित्सकाच्या कर्मदर्शनात होत नाही, पण त्याचे मोल कमी नाही. पंधरा दिवसांची औषधे लिहिलेली असताना "सध्या पाच दिवसांचीच द्या" असे म्हणणारा रुग्ण वैद्यास दिसत नाही, तो आपल्या काउंटरवर दिसतो. घरातील वृद्धांची औषधे न्यायला आलेल्या नातवाला मात्रा आणि अनुपान समजले आहे की नाही, हेही तेथेच कळते. विद्यार्थ्यास चार दिवस हे शांतपणे पाहू द्यावे. मात्र चिठ्ठीवरील औषध काढून देण्याचे काम त्याला देऊ नये. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिकित्सकाच्या चिठ्ठीवरील औषध देणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम आहे. ग्राहकाच्या औषधांची चर्चा दुकानाबाहेर होणार नाही, हेही विद्यार्थ्याला आधी समजावून सांगावे.

उपसंहार

आपल्या चिकित्सालयात येणारा विद्यार्थी पुढे वैद्य होईल वा न होईल. आपण त्याला ५,३०० अक्षरांसाठी साहित्य पुरवत असतो, त्याचबरोबर रुग्णाशी कसे वागावे याचा पहिला धडाही देत असतो. तो धडा आपल्या तोंडून नव्हे, तर आपल्या वागण्यातून घेतला जातो. त्या मजुराची क्षमा मागायला मी नंतर गेलो होतो. टाके कोणी घातले हे त्याला आठवतही नव्हते. "जखम भरली ना डॉक्टर, झालं," असे तो म्हणाला. त्याच्या या मोठेपणाने माझी जबाबदारी कमी झाली, असे मला वाटत नाही.

येत्या सुट्टीत ज्यांच्याकडे असे विद्यार्थी येणार असतील, त्यांनी पहिल्या दिवशी त्याच्या हाती कोरी वही द्यावी, कोपऱ्यात खुर्ची द्यावी, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देण्याआधी आपला केसपेपर पुन्हा एकदा पाहावा.